संहिता आल्या, विश्वास यावा

देशातील २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या एकत्रीकरणातून साकारलेल्या चार श्रमसंहिता अखेर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहिता संसदेने २०१९ मध्ये, तर उर्वरित तीन २०२० मध्ये संमत केल्या. मूळ शिफारस मात्र रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाची, २००२ सालची. या विलंबाचे खापर केवळ राजकीय इच्छाशक्तीवर फोडता येणार नाही. लोकमत घडविण्याचे काम सर्वांनीच मागे टाकले.

कामगारकपातीसाठी शासनाच्या पूर्वपरवानगीचे बंधन १०० ऐवजी १००० कामगारांच्या कारखान्यांपासून पुढे लागू करावे, असा प्रस्ताव २००१ च्या अर्थसंकल्पात आला. केंद्रात वाजपेयींचे सरकार असूनही दत्तोपंत ठेंगडींच्या भारतीय मजदूर संघाने त्यास विरोध केला. प्रस्तावाचा कायदा झाला नाही. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० आहे. मजदूर संघाने वेतन व सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत केले. औद्योगिक संबंध आणि कार्यस्थळ सुरक्षा या संहितांवरील आक्षेपही मांडले. काहींना यात विसंगती दिसते. वस्तुतः सत्ता कोणाची हे न पाहता श्रमिकाचे हित पाहण्याची ही परंपरा आहे.

शासन, मालक व कामगार यांना एकत्र बसविणारी भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ नंतर संहिता संमत होईपर्यंत भरली नाही. ही उणीव मान्य केलीच पाहिजे. संवाद थांबला की त्याची जागा अफवा आणि लाल बावट्याच्या घोषणा घेतात.

दुसरीकडे मराठी मध्यमवर्ग कामगार कायदा म्हटले की १९८२ चा गिरणी संप आठवून अलिप्त राहतो. आज त्याच घरातील तरुण मुदतीच्या करारावर नोकरी करीत आहेत. अशा नोकरदाराला एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, ही संहितांची देणगी आहे. तिची माहिती किती घरांत पोहोचली?

राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण हे मजदूर संघाचे सूत्र आहे. यातील मधला दुवा निखळला, तर उरलेले दोन्ही पोकळ ठरतील. म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन एकच प्रश्न विचारावा : नियुक्तिपत्र हाती पडले का? त्याचे उत्तर ‘होय’ असे येईल, त्या दिवशी संहिता खऱ्या अर्थाने लागू झाल्या असे म्हणता येईल.