नव्यासारखा झाला!

२०११ साली मुलाने घेऊन दिलेला, विंडोज ७ चा माझा लॅपटॉप परवा अडून बसला. अंबडहून जालन्याला नेला. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, रिकव्हरी मारतो, एकदम नव्यासारखा होईल." झालाही! फक्त निवृत्तीनंतर टाइप केलेल्या शाळेच्या आठवणी गेल्या. दीडशेच्या वर पाने होती हो...

रिकव्हरी म्हणजे काय, हे मला तेव्हा समजले. कंपनी हार्ड डिस्कचा एक कोपरा राखून ठेवते. कारखान्यातून निघतानाची विंडोज तिथे ड्रायव्हरसकट साठवलेली असते. सी ड्राइव्ह पुसून तीच प्रत पुन्हा भरतात. माझे लिखाण त्या प्रतीत कधी नव्हतेच, मग परत कुठून येणार? हे त्याने आधी सांगायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. (मीही विचारायला हवे होते म्हणा. जन्मभर पोरांना "प्रश्न विचारा" सांगत आलो!)

तरी रिकव्हरीला मी नावे ठेवणार नाही. 'जागा अडवते' म्हणून तो कोपराच उडवून चोरीची विंडोज घालणे जास्त वाईट. आपण त्या विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत मोजलेले असतात. हार्ड डिस्क जळाली तर मात्र कोपराही जातो. त्यासाठी सुरुवातीलाच तीन-चार डीव्हीडींवर प्रत काढून ठेवायची असते. लॅपटॉप तसे सुचवत होता, मी 'नंतर' दाबत राहिलो.

आता परत आलेल्या विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट बंद आहेत, म्हणून तिला इंटरनेट जोडत नाही. टाइप करण्यापुरती ठीक आहे. आठवेल तसे पुन्हा लिहितोय, अकरा पाने झाली. रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर उतरवतो.