मानसिक आजाराचे माप आणि आपला हक्क

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली, तेव्हाच देवदेवस्कीचा अंमल आपल्या घरांतून उठावयास हवा होता. परंतु घरातील तरुण भ्रमिष्टासारखा वागू लागला, की आजही काही कुटुंबे गुपचूप देवऋषी गाठतात. त्याने आजार वाढतो आणि कायद्याने दिलेला हक्कही हातचा जातो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. त्यामुळे येणारी असमर्थता मोजण्यासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आयडियाज’ ही मापनश्रेणी सिद्ध केली. तीत चार गोष्टी पाहतात : स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणे व समजणे आणि काम. प्रत्येकीस ० ते ४ गुण, शिवाय आजाराच्या कालावधीचे ४ पर्यंत. असे एकूण २०. गुण जितके अधिक, तितकी अडचण मोठी. त्यावरून टक्केवारी ठरते. ती ४० वा अधिक असल्यास शासकीय नोकऱ्यांतील व उच्च शिक्षणातील राखीव जागांवर हक्क सांगता येतो.

हे माप रक्ततपासणीसारखे नव्हे. ते बव्हंशी रुग्णाच्या व घरच्यांच्या सांगण्यावर उभे असते. मुलगा आठवडाभर अंघोळ करीत नाही, कोणाशी बोलत नाही, हे लाजेपोटी झाकून ‘तसा बरा आहे’ असे वैद्यकीय मंडळापुढे सांगितले, तर गुण घटतात आणि हक्क बुडतो. वाढवून सांगणे हाही चौथ्या शीलाचा भंगच होय. जे आहे तेच सांगावे. घरकाम हेही या मापात कामच आहे. म्हणून जिच्या हातून चूल पेटत नाही, त्या सुनेला आळशी ठरविण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे.

कोणी विचारील, श्रेणीबद्ध विषमतेविरुद्ध लढलेल्यांनी माणसाला श्रेणी का लावून घ्यावी? जातीची श्रेणी जन्माने चिकटते व मरेपर्यंत सुटत नाही. ही श्रेणी माणसाची किंमत ठरवीत नाही. ती त्याची आजची अडचण सांगते आणि उपचाराने सुधारणा झाल्यास फेरतपासणीत बदलते. पती, पुत्र व मातापिता गमावून वेडी झालेल्या पटाचारेला लोकांनी हाकलले; तथागतांनी जवळ बोलाविले. पुढे ती थोर भिक्षुणी झाली.

म्हणून बंधुभगिनींनो, आजार लपवू नका. रुग्णास सरकारी रुग्णालयात न्या, सत्य सांगा, प्रमाणपत्र घ्या. हक्क मागणे ही लाज नव्हे. तो न मागता गमावणे हीच खरी हानी होय.