रेशनच्या पिशवीत डाळ कुठे आहे?

‘भात कमी करा, डाळी-कडधान्यं वाढवा.’ मधुमेहाच्या किंवा रक्तक्षयाच्या रुग्णाला आम्ही डॉक्टर मंडळी हे सहज सांगून टाकतो. माझं मत असं, की त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तुमच्या घरी रेशनवर काय येतं?

हिशोब करून पाहा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ही मोठीच गोष्ट आहे. उपाशी झोपणं त्यामुळे टळतं. पण ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम गहू-तांदूळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत, म्हणजे माणशी महिन्याला अडीच किलो. कायद्याने दिलेल्या हक्कात डाळ शून्य. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’त चणाडाळ आली, तीही अख्ख्या कुटुंबाला १ किलो!

आपल्या फलटण भागाचं मूळ अन्न ज्वारी-बाजरी. कायद्यात भरडधान्याची तरतूद आहेच. मग ज्वारी दर महिन्याला का नको? तिच्यात पॉलिशच्या तांदळापेक्षा चोथा कितीतरी जास्त, साखरही सावकाश वाढते. मागणी ग्रामसभेत करा, दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा. कार्ड बीडचं, कोपी फडाजवळ. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे अंगठा लावून इथल्या दुकानातही आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं, आणि गावी राहिलेल्यांना उरलेलं तिथे. तुमच्या शेतात टोळी असेल तर मुकादमाला हे जरूर सांगा.

तोवर घरी काय करता येईल? तांदूळ नुसता शिजवू नका, दोन वाट्यांना एक वाटी मूग किंवा मटकी घालून खिचडी करा. भाजीत शेंगदाण्याचं कूट, जमेल तेव्हा शेवग्याचा पाला. वर लिंबू पिळा, अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको.

आणि तपासणीला याल तेव्हा महिन्याला घरात किती किलो डाळ येते आणि खाणारे किती, ते सांगा. आहाराचा कागद मग त्यावरूनच लिहिता येतो.