घराशेजारची गंजी

खळीं उरकलीं कीं कडब्याच्या गंज्या उभ्या राहतात, आणि त्यांतील पुष्कळशा घराच्या भिंतीस किंवा गोठ्याच्या कुडास अगदीं लागून. वैरण हाताशीं असावी, पावसांत लांब जावें लागूं नये, चोरीहि होऊं नये, हीं कारणें खोटीं नाहींत. तरीपण आमचें मत या वहिवाटीच्या विरुद्ध आहे.

चैत्र-वैशाखांत कोणी बांधावरचें गवत पेटवितो, कोणी विडीचें थोटूक टाकितो, कोठें विजेच्या तारा वाऱ्यानें एकमेकींस लागून ठिणग्या पडतात. गंजी दूर असेल तर वर्षाची वैरण जाईल. जवळ असेल तर तिच्यामागोमाग गोठा, गुरें आणि घरहि जाईल. चुलीस व गॅसच्या शेगडीस आपण जपतों, आणि जळाऊ मालाचा सर्वांत मोठा ढीग पाठीशीं रचून ठेवितों!

गंजी निदान पन्नास हात दूर, तारांखालीं न येईल अशी, आणि उन्हाळ्यांत वारा बहुधा पश्चिमेचा म्हणून घराच्या पूर्वेस रचावी. एकीच्या दोन केल्यास अर्धी वैरण तरी वांचण्याची आशा राहते. ओलें गवत मात्र रचूंच नये. तें आंतल्या आंत कुजून तापतें व कांहीं आठवड्यांनीं ठिणगीवांचूनहि पेट घेऊं शकतें. करपट वास येऊं लागल्यास गंजी उकरूं नये, कारण हवा शिरतांच भडका उडतो. आधीं अग्निशामक दलास बोलवावें.

गोठ्यांत दाव्यास निरगांठ नको, एका ओढीनें सुटणारी सुरगांठ हवी. ती घरांतील मुलांनाहि सोडतां आली पाहिजे. भर दुपारीं मोठीं माणसें बहुधा शेतावर असतात.