खडकातल्या होकायंत्राकडे दुर्लक्ष नको

28 मार्च 2025 रोजी म्यानमारला 7.7 तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. सगाईंग प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू किती सरकल्या, हे उपग्रहांच्या नोंदींतून लगेच मोजता आले. पण उपग्रहांची स्मृती जेमतेम काही दशकांची. ही जमीन तिथवर आली कशी, हे सांगणारा साक्षीदार वेगळा आहे, तो म्हणजे खडकात गोठलेले चुंबकत्व.

लाव्हा थंड होत सुमारे 580 अंश सेल्सिअसखाली आला की त्यातले मॅग्नेटाइट त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते. ही दिशा क्षितिजाशी जो कोन करते, त्यावरून तेव्हाचे अक्षांश कळतात. उत्तरेपासून ती किती ढळली, त्यावरून जमीन किती फिरली ते समजते.

सगाईंगच्या पश्चिमेकडील खडकांवरचे असे संशोधन 2019 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ने प्रसिद्ध केले. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी हा भूखंड विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला होता. नंतर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुमारे 60 अंश फिरला. भारताने आशियाला धडक देताना त्यालाही आपल्यासोबत उत्तरेकडे नेले, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. आजही सगाईंगची पश्चिम बाजू उत्तरेकडेच सरकते आहे.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या हिशेबाचा आज उपयोग काय, असा प्रश्न निघतोच. पुढचा भूकंप कधी होईल हे खडक सांगत नाहीत, आणि तसा दावा कोणी करू नये. पण जमिनीचे कोणते तुकडे स्वतंत्रपणे फिरतात आणि त्यांच्या सीमा कुठे आहेत, हे ते सांगतात. धोक्याचे नकाशे या सीमांवरच उभे राहतात.

अर्थात, या साक्षीदाराचीही उलटतपासणी लागते. खडक पुन्हा तापला तर जुनी नोंद पुसली जाते, आणि लहानशा स्थानिक पिळामुळे सगळा प्रदेशच फिरल्याचा भास होऊ शकतो. म्हणून एका टेकडीवरचे नमुने पुरत नाहीत. अनेक ठिकाणांहून ते आणून टप्प्याटप्प्याने तापवून तपासावे लागतात. हे काम संथ आणि खर्चिक असते.

तरीही ते टाळून चालणार नाही. म्यानमारच्या डोंगररांगा मणिपूर, नागालँड आणि मिझोराममध्येही पसरल्या आहेत. ईशान्य भारतात जीपीएस केंद्रांइतकेच पाठबळ खडकांचे नमुने गोळा करणाऱ्यांना मिळायला हवे. तीस वर्षांच्या नोंदींवर कोट्यवधी वर्षांच्या हालचालींचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.