रिकाम्या रकान्यांचं काय करायचं?

डेटा ॲनालिटिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी नाव घातलं तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं, "बाईची गोष्ट सोडून आता तू तिचा आकडा करणार?" एम.एस.डब्ल्यू. होऊन बारा वर्षं झालेली, समुपदेशन केंद्रात रोजचं काम, आणि छत्तिसाव्या वर्षी ही पायथन शिकायला निघाली! चळवळ सोडून कंपनीत चालली, असंही काहींना वाटलं. त्यांचं सोडा. ताईंचा प्रश्न मात्र लागला, कारण तो निम्मा खरा होता.

निम्माच. बाईचा आकडा केव्हाच झालेला आहे. देणगीदाराच्या तिमाही अहवालात आपल्याकडे आलेली प्रत्येक जण 'लाभार्थी' असते, आणि तो तक्ता आपणच मुकाट्यानं भरून देतो (शेवटच्या तारखेला, रात्री अकरा वाजता). त्याचे रकाने कुणी आखले, हे विचारत नाही. गणित आपलं नव्हे हे शाळेत मनावर बिंबलेलं असतं, ते चळवळीत येऊनही सुटत नाही.

पण आपली चळवळ आकड्यांशी अशी फटकून कधी होती? १९७४ च्या 'समानतेकडे' अहवालानं देशाला धक्का दिला, त्यात जनगणनेचे तक्ते होतेच : १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया, १९७१ साली ९३०. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे गावोगाव ठाऊक होतं. २०१९ साली सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. सहा जणींत एक! त्यानंतर 'असेल एखादी केस' म्हणायची सोय राहिली नाही.

आता वर्गातलं सांगते. बाकीची मुलं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्याच सत्रात शिकवलं, माहिती 'स्वच्छ' करा. ज्या ओळीत रकाने रिकामे, ती ओळ काढून टाका. एका आज्ञेचं काम. मी हात वर केला. आमच्या नोंदवहीत 'मारहाण कुणी केली' हा रकाना कितीदा तरी रिकामा असतो. हाताला पट्टी, शेजारी सासू, आणि ती म्हणते, "पाय घसरला." ही ओळ काढली की उरतात फक्त बोलू शकलेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी मदत मागितल्याचं आढळलं. बाकीच्या ना पोलिसांच्या तक्त्यात, ना आपल्या वहीत.

प्राध्यापक भला माणूस. म्हणाले, उत्तर का गाळलं याचं कारण त्या उत्तरातच दडलेलं असू शकतं, आणि संख्याशास्त्रात त्याचा स्वतंत्र विचार होतो. पुढच्या सत्रात तो भाग आला. मी थक्क झाले. आपण इतकी वर्षं जे अनुभवानं सांगत होतो, ते मांडायची रीत तयार होती. आपल्यापर्यंत ती कुणी आणली नव्हती, आणि आपणही शोधायला गेलो नव्हतो.

न जाण्याची किंमत मोठी आहे. ॲमेझॉननं अर्ज निवडायला केलेलं यंत्र स्त्रियांच्या अर्जांना खाली ढकलत होतं, हे २०१८ साली उघड झालं. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवरून ते शिकलं होतं, आणि ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. यंत्राला कुणी बाईचा द्वेष शिकवायला बसलं नव्हतं. उद्या रेशन, पेन्शन, कर्ज अशाच यंत्रांनी ठरवलं, तर जाब विचारायला आपल्यातल्या कुणाला तरी ते आतून कळायला नको का? निवेदन घेऊन बाहेर उभं राहायला आपण आहोतच.

ताईंची भीती मी टाकून देत नाही. नावं, पत्ते आमच्याकडे कपाटातल्या वहीतच राहतात, संगणकावर जात नाहीत. वर्गातल्या प्रकल्पासाठीही मी केंद्रातली एकही नोंद नेली नाही.

रकाने मात्र यंदा आम्ही बदलले. रिकाम्या जागी आता तीन खुणा : विचारलं नाही, ती बोलली नाही, बोलण्याजोगी परिस्थिती नव्हती. तिसरी खूण ताईंनीच सुचवली. तुमच्या केंद्रात रिकाम्या रकान्यांचं काय करता, जरूर कळवा.