व्हॉल्व्ह कोणी मोडला?

गेल्या वर्षी हौसेने पातळ टायरची गिअरवाली सायकल घेतली. रविवारी पहाटे विठ्ठलवाडीहून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि येताना मिसळ हाणायची, असा बेत. पहिल्याच महिन्यात मागच्या चाकातली हवा उतरली. स्टेशनजवळच्या सायकलवाल्या काकांनी व्हॉल्व्ह पाहिला आणि म्हणाले, "साहेब, याला माझा पंप बसत नाही. ॲडॉप्टर घेऊन या, मग भरू." मला घाई. त्यांच्या हातातून पंप घेतला, जोर लावून बसवला, दोनदा इकडेतिकडे हलवला. पिन वाकली. होती नव्हती ती हवाही गेली.

घरी येऊन काय सांगितलं? "सायकलवाल्याने व्हॉल्व्ह तोडला." तेव्हापासून ते मनाला टोचतंय.

नंतर शांतपणे वाचलं. साधारण तीन जातीचे व्हॉल्व्ह असतात. बाबांच्या काळ्या सायकलला असतो तो वूड्स. त्यात रबराची बारीक नळी असते; हवा तिला फुलवून आत शिरते, मग रबर पुन्हा चिकटून वाट बंद करतं. रबर जुनं झालं की हवा टिकत नाही, पण नवीन नळी अगदी स्वस्तात मिळते. दुसरा श्रेडर, मोटरसायकलला असतो तोच. दणकट. तिसरा माझा, प्रेस्टा. बारीक, आणि टोकाला नाजूक पिन.

प्रेस्टाची रीत सोपी आहे. टोपण काढा. टोकाचा चिमुकला नट सैल करा. पिन बोटाने हलकेच एकदा दाबा, फुस्स आवाज आला की मोकळी झाली. पंपाचं तोंड सरळ बसवा आणि एका हाताने धरून ठेवा. काढतानाही सरळच ओढा, मग नट बंद करा. रिमवरची चकती बोटानेच आवळा, पक्कड नको. नाहीतर ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते.

हवा किती? टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. गंमत म्हणजे कारला साधारण ३० ते ३५ पीएसआय पुरते, पातळ सायकल टायरला ८०-१०० सुद्धा लागते. म्हणून पेट्रोल पंपावर भरावी म्हणाल, तर तिथेही जपून. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा एवढीशी. कॉम्प्रेसरची हवा काही सेकंदांत ती फोडू शकते. हातपंप आणि मीटर बरा.

माझं मत विचाराल तर, व्हॉल्व्ह हवेने क्वचितच मोडतो, घाईने मोडतो. ऑफिसात कुणी डॉक्युमेंट न वाचता प्रॉडक्शनला हात लावला की आपण त्याला फाडून खातो. रस्त्यावर मात्र तेच आपण करतो, वर खापर समोरच्या गरीब माणसावर. आणि हजारोंची सायकल विकणाऱ्या शोरूमवाल्यांनी एक पितळी ॲडॉप्टर आणि पाच मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

परवा रविवारी नवीन ट्यूब आणि ॲडॉप्टर घेऊन काकांकडे गेलो. घरी काय सांगितलं होतं तेही सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "चाक काढा. चहा घेणार ना?"

घरी मात्र अजून सांगायचंय. आज जेवताना सांगतो.